पुण्यात मिळते, न्यू जर्सीत नाही

कमिला वालियेवा ही रशियन फिगर स्केटर पंधरा वर्षांची होती. २५ डिसेंबर २०२१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि तपासणीसाठी स्टॉकहोमला गेला. निकाल आला तो थेट ८ फेब्रुवारी २०२२ ला. तोवर बीजिंगचं हिवाळी ऑलिंपिक ऐन रंगात आलं होतं आणि वालियेवाच्या संघाने आदल्याच दिवशी सांघिक सुवर्ण मारलं होतं. नमुन्यात सापडलं होतं ट्रायमेटाझिडीन. तिच्या बाजूने खुलासा असा आला, की हे आजोबांचं हृदयाचं औषध, त्यांच्याकडूनच चुकून तिच्या पोटात गेलं असावं. क्रीडा लवादाला तो पटला नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्याने चार वर्षांची बंदी घातली, सुवर्ण अमेरिकेकडे गेलं.

त्या आठवड्यात जगभरच्या वृत्तवाहिन्यांवर या औषधाचा उच्चार करताना निवेदकांची जीभ अडखळत होती. आपल्याकडे मात्र हृदयरोग्याच्या घरात या नावाचं कुणाला काही विशेष वाटलं नसतं. पुण्यातल्या, नाशिकमधल्या कुठल्याही बऱ्यापैकी मेडिकलमध्ये ट्रायमेटाझिडीनची ३५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. सकाळी एक, रात्री एक. चिठ्ठी दाखवा, पाकीट घ्या. फ्रान्समध्येही ती मिळते, कारण जन्मच तिथला, सर्व्हिए कंपनीच्या प्रयोगशाळेतला. अमेरिकेत मात्र तिला कधीच मंजुरी मिळालेली नाही. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाने ती लिहून द्यायची ठरवली तरी देता येणार नाही. आणि खेळाडूने ती घेतली, तर २०१४ पासून जगात कुठेही तो गुन्हा आहे. एकच गोळी. आजोबांसाठी उपचार, नातीसाठी बंदी, आणि न्यू जर्सीतल्या औषधविक्रेत्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

हे एकट्या ट्रायमेटाझिडीनचं नाही. छातीतल्या कळेसाठी, म्हणजे अंजायनासाठी, दिली जाणारी औषधं घेऊन जगाचा नकाशा रंगवायला बसलं तर तो फार विचित्र दिसतो. निकोरँडिल जपान, ब्रिटन, भारतात आहे, अमेरिकेत नाही. रॅनोलाझीन अमेरिकेतून निघालं आणि इतरत्र पसरलं. आयव्हाब्रॅडीन युरोपात अंजायनासाठी चालतं, अमेरिकेत त्याला फक्त हृदय दुबळं झालेल्या रुग्णांसाठी परवानगी आहे. पेरहेक्सिलीन नावाचं एक औषध जवळपास सगळ्या जगाने टाकून दिलं आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने जपलं. हृदय तर सगळीकडे सारखंच. मग हा नकाशा कुणी रंगवला?

दुखणं काय आहे ते आधी थोडक्यात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या चरबीच्या थराने अरुंद झाल्या, की बसल्या जागी काही वाटत नाही. जिना चढताना, भरल्या पोटी चालताना, थंडीत घाईने बस पकडताना स्नायूला जास्त रक्त लागतं आणि ते पोचत नाही. सोसायटीत एरवी पाणी पुरतं, पण गणपतीत प्रत्येक घरी पाहुणे आले की वरच्या मजल्यावर नळ कोरडे पडतात, तसं. छाती आवळल्यासारखी होते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, थांबलं की ओसरते. लंडनच्या विल्यम हेबर्डनने १७६८ मध्ये याचं जे वर्णन केलं, ते आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला जसंच्या तसं उपयोगी पडतं.

यावरचं एक जुनं, आजवर टिकलेलं औषध स्फोटकांच्या कारखान्यातून आलं. १८४७ मध्ये ट्युरिनमध्ये आस्कानिओ सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केलं, किंचित चाखून पाहिलं, आणि त्याचं डोकं भयंकर दुखलं. पुढे आल्फ्रेड नोबेलने त्याचाच डायनामाइट केला. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने आधी स्वतःवर आणि मग रुग्णांवर अत्यल्प मात्रेत ते वापरून अंजायनावर गुण येतो हे दाखवलं. रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो, डोकं मात्र ठणकतं. नोबेलला स्वतःला उतारवयात हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. १८९६ मध्ये, मरणाच्या थोडंच आधी, त्याने पत्रात या योगायोगाची गंमत नोंदवली आहे. औषधवाले आणि लोक घाबरू नयेत म्हणून याला ट्रायनिट्रिन म्हणतात, असंही तो लिहितो. हे औषध शरीरात नेमकं करतं काय, याचा उलगडा व्हायला पुढचं शतक बरंचसं खर्ची पडलं, आणि त्या कामाला १९९८ मध्ये कुणाच्या नावाचं पारितोषिक मिळालं ते सांगायला नको.

आपल्याकडे याच कुळातली सॉर्बिट्रेट घरोघरी पोचली. पाच मिलिग्रॅमची, जिभेखाली ठेवायची. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीत निम्म्या शर्टांच्या खिशात ती असते. अमेरिकेत तिच्या जागी नायट्रोग्लिसरीनची तांदळाच्या कणीएवढी गोळी, तपकिरी काचेच्या इवल्या बाटलीत. कारण ती उडून जाते, प्लास्टिकच्या डबीत ठेवली तर काही दिवसांत निकामी होते.

आणि इथे एक मजेदार प्रकार आहे. इतकी जुनी, इतकी सर्वमान्य गोळी. पण अमेरिकेत कित्येक वर्षं जिभेखालच्या बऱ्याचशा नायट्रोग्लिसरीन गोळ्या औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या, मंजुरीशिवायच विकल्या जात होत्या. कायदे नंतर आले, औषध आधीपासून होतं, कुणी विचारलं नाही. मंजुरी होती ती फायझरच्या नायट्रोस्टॅटला. २०१० मध्ये एफडीएने इतरांना उत्पादन थांबवायला सांगितलं. ज्यांना पत्र गेलं त्यांत मुंबईच्या ग्लेनमार्कची अमेरिकन कंपनीही होती. म्हणजे एखादं औषध दुकानात आहे यावरून ते तपासून घेतलंय असं ठरत नाही, आणि दुकानात नाही यावरून ते नापास झालंय असंही ठरत नाही. हा लेख लिहिताना मला सारखं जाणवत राहिलं ते हेच. आपण मात्र दोन्ही बाजूंनी नेमका तोच अर्थ काढतो. ‘अमेरिकेत बंदी असलेली गोळी भारतात खपवतात’ हा व्हॉट्सअपवरचा लाडका मजकूर. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांवर तिथे बंदी नसते. त्यांच्यासाठी कुणी अर्जच केलेला नसतो, किंवा केलेला तडीस गेलेला नसतो.

माझे एक काका ठाण्यात राहतात. बँकेतून निवृत्त, मधुमेह जुना, एक स्टेंट टाकलेला, दुसरी धमनी बारीक म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांवर ठेवलेलं. त्यात निकोरँडिल, दिवसातून दोनदा. मुलगी न्यू जर्सीतल्या एडिसनला. दोघं नवरा-बायको सहा महिन्यांसाठी निघाले तेव्हा काकूंनी गोळ्यांची पाकिटं मोजून, रबर लावून, लोणच्याच्या बरणीपेक्षाही जास्त काळजीने हातातल्या बॅगेत भरली होती. तरी तीन महिन्यांनंतर पुरवठा आटत आला, कारण मध्ये डॉक्टरांनी फोनवर मात्रा वाढवली होती. मुलगी चिठ्ठी घेऊन तिथल्या फार्मसीत गेली.

“बाबा, इथल्या कंप्युटरमध्ये हे नावच येत नाहीये.”

“येत नाही म्हणजे? अगं, आपल्या नाक्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं.”

“नाक्यावरचं मेडिकल इथे नाहीये ना बाबा. ती बाई म्हणतेय, असं औषधच नाही.”

“तिला म्हणावं जपानी आहे. चांगलं असतं जपानी.”

काकांचं चुकलं नव्हतं. निकोरँडिल जपानच्या चुगाई कंपनीचं. १९८४ मध्ये तिथे बाजारात आलं, १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये. रेणू हुशार आहे. त्याचा एक भाग नायट्रेटसारखा रक्तवाहिन्या सैल करतो, दुसरा पेशींतली पोटॅशियमची दारं उघडून तेच काम वेगळ्या वाटेने करतो. ब्रिटनमध्ये ५,१२६ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. २००२ मध्ये निष्कर्ष आले. हृदयविकाराने मृत्यू, हृदयाचा झटका किंवा छातीत दुखतंय म्हणून अचानक रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत १५.५ टक्के होतं, निकोरँडिलवाल्यांत १३.१. फरक खरा होता, पण त्याचा मोठा वाटा रुग्णालयात जाणं टळल्याचा. आयुष्य वाढतं असं त्यातून सिद्ध झालं नाही.

काकांना या मधल्या काळात आणखी एक त्रास सुरू झाला होता. तोंडात फोड. साधं तोंड येणं नव्हे. जिभेच्या कडेला खोल, पांढऱ्या तळाचं, आमटीचा थेंबही झोंबेल असं. तिथल्या दंतवैद्याने कवळी घासून दिली. काकूंनी तूप लावून पाहिलं, घरातलं तिखट बंद केलं. महिना गेला. शेवटी मुलीने ज्या हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घेतली, तो योगायोगाने ब्रिटनमध्ये शिकलेला निघाला. त्याने गोळ्यांची यादी वाचली आणि तोंड उघडायला सांगितलं.

निकोरँडिलने तोंडात, आतड्यात, गुदद्वाराशी, अगदी डोळ्यांतही फोड येऊ शकतात. ते चिवट असतात, इतर इलाजांना दाद देत नाहीत, कधी आतड्याला भोकही पडतं. बरे होतात ते गोळी थांबवल्यावरच. ब्रिटनच्या औषध नियामकाने म्हणूनच २०१६ मध्ये डॉक्टरांना पुन्हा बजावलं, की हे औषध पहिल्या फळीत नको. बाकीची चालत नसतील तेव्हाच द्या. ब्रिटिश डॉक्टरला हे ठाऊक असतं, कारण तिथे ती गोळी आहे. अमेरिकेतल्या दंतवैद्याने ते का लक्षात ठेवावं? त्याच्या पुस्तकात ती गोळीच नाही. बॅगेतून गोळी समुद्रापार नेता येते, तिच्याबद्दलचं शहाणपण नेता येत नाही. गोळी न मिळण्यापेक्षा मला हा धोका मोठा वाटतो. ट्रायमेटाझिडीनने हात थरथरू लागतात, चाल अडखळते, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात, आणि गोळी थांबवली की बहुधा ओसरतात. न्यू जर्सीतला मेंदूविकारतज्ज्ञ अशा आजोबांना बघेल तेव्हा तो पार्किन्सनचीच गोळी सुरू करेल, त्यात त्याचा दोष काय?

मग अमेरिकेत ही औषधं गेली का नाहीत? लोकांना वाटतं सरकार औषधं निवडतं. तसं नाही. एफडीए बसून जगातल्या चांगल्या गोळ्या शोधत नाही. कंपनीने अर्ज करायचा, सोबत स्वतःच्या खर्चाने केलेल्या चाचण्यांचे ढीग द्यायचे. २०२५ च्या आर्थिक वर्षात अशा अर्जाची नुसती फी ४३ लाख डॉलरच्या वर होती; चाचण्यांच्या खर्चापुढे ती चिल्लर. अंजायनाच्या गोळीसाठी तर चालत्या पट्ट्यावर रुग्ण किती वेळ टिकतो हे दाखवावं लागतं, गोळीचा अंमल भरात असताना आणि उतरत असतानाही. आता कल्पना करा, एखादं औषध जपानमध्ये किंवा फ्रान्समध्ये दहा-पंधरा वर्षं विकून झालंय, पेटंट संपत आलंय. अर्ज मंजूर होईपर्यंत नक्कल करणारे दारात उभे असतील. कंपनीच्या हिशेबनीसाला हा निर्णय घ्यायला हृदयाचं काही कळावं लागत नाही.

भारताचं गणित उलटं होतं. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंट रद्द केलं, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर ठेवलं. कायदा १९७२ मध्ये लागू झाला आणि २००५ पर्यंत हीच व्यवस्था होती. परदेशी रेणू वेगळ्या वाटेने बनवला की झालं. त्या तीसेक वर्षांत आपल्या कंपन्यांनी जपानचं, फ्रान्सचं, अमेरिकेचं, जे मिळेल ते उचललं. त्यामुळे आपल्याकडे अंजायनाच्या औषधांचं जेवढं भरगच्च कपाट आहे तेवढं श्रीमंत देशांतही कमी ठिकाणी असेल. याचा अभिमान वाटायला हरकत नाही. मात्र कपाट भरलेलं असलं की हात सारखा त्यात जातो, हेही खरं. ठाण्यातल्या काही रुग्णांच्या फाइलींमध्ये एकाच माणसाला नायट्रेट, निकोरँडिल, ट्रायमेटाझिडीन, रॅनोलाझीन असा चौरंगी सामना मी पाहिला आहे. कुठली गोळी गुण देतेय हे मग कुणालाच सांगता येत नाही, आणि म्हणून एकही बंद होत नाही.

काकांचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. तिथल्या डॉक्टरने निकोरँडिल बंद केलं, सकाळची एक लांब पल्ल्याची नायट्रेट दिली, आणि वर रॅनोलाझीन सुचवलं. पहिले काही दिवस डोकं धरून बसले, मग सवय झाली. फोड काही आठवड्यांत भरले.

रॅनोलाझीनचा प्रवास वाचला की औषधाचा व्यापार म्हणजे काय ते कळतं. सिंटेक्स कंपनीने ते शोधलं, सिंटेक्सला १९९४ मध्ये रोशने विकत घेतलं, रेणूचे हक्क गेले सीव्ही थेरप्युटिक्स या कॅलिफोर्नियातल्या लहान कंपनीकडे. त्यांनी जिद्दीने चाचण्या केल्या आणि जानेवारी २००६ मध्ये मंजुरी मिळवली, तीही सुरुवातीला इतर औषधांनी भागत नसेल तरच वापरा या अटीवर. कारण या गोळीने हृदयाच्या विद्युत आलेखातलं एक अंतर लांबतं आणि त्यातून ठोके बिघडण्याची भीती असते. साडेसहा हजार रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ती भीती खरी ठरली नाही, तेव्हा २००८ मध्ये अट सैल झाली. त्याच वर्षी युरोपचं दार उघडलं. २००९ मध्ये गिलियडने ही कंपनी १४० कोटी डॉलरला घेतली. छातीतली कळ कमी करणारी, आयुष्य न वाढवणारी गोळी, आणि हा भाव.

या गोळीबाबत मराठी घरांना माहीत असावी अशी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रॅनोलाझीन पूर्ण मात्रेत, म्हणजे १,००० मिलिग्रॅम दोनदा, चालू असेल तर अमेरिकन माहितीपत्रक मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला १,७०० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका म्हणतं. मेटफॉर्मिन! आपल्याकडे कितीतरी हृदयरोग्यांच्या डब्यात ते असतं, आणि मधुमेहाचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा, दोघांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. क्लॅरिथ्रोमायसीन हे घशा-छातीच्या संसर्गावर सर्रास दिलं जाणारं प्रतिजैविक तर रॅनोलाझीनसोबत वर्ज्यच. काका मेटफॉर्मिन २,००० घेत होते. ते कमी करावं लागलं आणि साखरेचा नवा घोळ सुरू झाला. ती कथा वेगळी.

युरोपात मात्र नियामकांनी उलट दिशेने चाल केली. तिथे औषधं होती, ती तपासायला घेतली. फ्रान्सच्या आग्रहावरून युरोपीय औषध संस्थेने ट्रायमेटाझिडीनची फाइल उघडली आणि २०१२ मध्ये निर्णय दिला. कानात आवाज येणं, चक्कर, दृष्टीच्या तक्रारी यांच्यासाठी ते लिहून दिलं जायचं, ते सगळं बंद. अंजायनातही पहिल्या औषधांनी भागत नसेल तेव्हा जोड म्हणून फक्त. पार्किन्सन असलेल्याला नाही, मूत्रपिंड फार बिघडलेल्याला नाही. नंतर स्टेंट टाकलेल्या ६,००७ रुग्णांना चार वर्षांच्या आसपास हे औषध देऊन पाहिलं गेलं. २०२० मध्ये निकाल आला: घेतलं काय, न घेतलं काय, फरक नाही. आपल्याकडे स्टेंटनंतरच्या चिठ्ठीत ते अजून दिसतं. आयव्हाब्रॅडीनचंही असंच, १९,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीनंतर २०१४ मध्ये युरोपने त्याला चांगलंच आवळलं.

या सगळ्यात माझं आवडतं प्रकरण पेरहेक्सिलीनचं. सत्तरच्या दशकात ते युरोपात गाजलं. इतर कशानेही न थांबणारी कळ त्याने थांबायची. हृदयाचा स्नायू एरवी चरबी जाळून चालतो. पेरहेक्सिलीन त्याला साखरेकडे वळवतं, आणि साखर जाळायला प्राणवायू कमी लागतो. मग तक्रारी येऊ लागल्या. काही रुग्णांचं यकृत निकामी झालं, काहींच्या हातापायांच्या नसा गेल्या. काहींचेच का, हे कळत नव्हतं. एकेका देशाने ते काढून टाकलं. ब्रिटनमध्ये १९८५ मध्ये ते बाजारातून गेलं.

कारण पुढे सापडलं. आपल्या यकृतात औषधं मोडणारं एक विकर असतं, सीवायपी२डी६. काही माणसांत ते जन्मतःच काम करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दहा-बारांमागे एकात. अशा माणसाने रोजची ठरलेली गोळी घेतली की औषध साठत जातं आणि विष होतं. शेजारच्या माणसात तेच विकर इतकं जोरात चालतं, की त्याच मात्रेचा काही उपयोग नाही. म्हणजे औषध वाईट नव्हतं, सगळ्यांना एकच मात्रा देणं वाईट होतं. ॲडलेडच्या क्वीन एलिझाबेथ रुग्णालयातले जॉन होरोविट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी हे धरून ठेवलं. रुग्णाच्या रक्तातली औषधाची पातळी मोजायची, ती लिटरला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवायची, त्यानुसार गोळ्या ठरवायच्या. कुणाला आठवड्याला एखादी पुरते, कुणाला रोज चार-पाच लागतात. पातळी या पट्ट्यात राहिली की यकृत आणि नसा सुखरूप राहतात, असं त्यांना दिसलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ही गोळी आजही आहे, बायपास होऊ शकत नाही आणि बाकी सगळं करून झालंय अशा रुग्णांसाठी. तिच्यासोबत प्रयोगशाळा लागते, वेळच्या वेळी रक्त द्यायला येणारा रुग्ण लागतो, आकडा बघून फोन करणारा डॉक्टर लागतो. ज्या देशांनी ती टाकून दिली त्यांना गोळी परत आणता येईल; ही घडी परत बसवायला कोण बसलंय? नवं पेटंट नाही, कुणाचा फायदा नाही.

स्टेंट टाकले की झालं, गोळ्यांची एवढी चर्चा कशाला, असं वाटणाऱ्यांसाठी एक आकडा. स्थिर अंजायनाच्या ५,१७९ रुग्णांवर ३७ देशांत इस्केमिया नावाची चाचणी झाली, भारतातले रुग्णही त्यात होते. २०२० मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की लगेच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू आणि झटके कमी झाले नाहीत. कळ मात्र कमी झाली, विशेषतः ज्याला ती वारंवार येई त्या रुग्णाची. म्हणून आधी गोळ्या नीट करून बघणं हा शहाणा रस्ता ठरतो, आणि गोळ्यांची यादी देशानुसार बदलते तेव्हा तो रस्ताही बदलतो.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. अमेरिकेत मंजुरी नसलेलं औषध नेणं कागदोपत्री नियमाबाहेरचं असलं, तरी स्वतःच्या वापरासाठी साधारण तीन महिन्यांचा साठा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असेल तर अधिकारी सहसा अडवत नाहीत. पाहुणा त्याहून जास्त राहणार असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह मागून पाठवण्याचीही वाट आहे. जपानमध्ये एका महिन्याच्या वर असेल तर आधी परवानगी. ऑस्ट्रेलियात तीन महिने. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव तिथे कुणाला कळत नाही, रेणूचं नाव हवं. आणि निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांना सरळ विचारावं, की ही गोळी तिथे मिळत नाही, हिच्याऐवजी मिळणारी एखादी आत्ताच सुरू करून बघता येईल का. बदल घरी असताना झालेला बरा. एडिसनच्या बर्फात नको.

एवढं सगळं झालं ते दुसऱ्या-तिसऱ्या फळीच्या गोळ्यांचं. पहिली फळी साधी आहे: ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर, रक्तदाबाची एक गोळी. यात नवं काही नाही, पेटंट कधीच संपली. मूळचे भारतीय, कॅनडात काम करणारे डॉ. सलीम युसुफ यांच्या पुढाकाराने ‘प्युअर’ नावाचा मोठा अभ्यास झाला. सतरा देशांतल्या गावांत आणि शहरांत जाऊन दीड लाखांवर माणसांना विचारलं. २०११ मध्ये छापलेला आकडा असा: गरीब देशांत झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी ८०.२ टक्के लोक यातली एकही गोळी घेत नव्हते.

त्याच अभ्यासातून २०१६ मध्ये दुसरी तपासणी आली. गावातल्या दुकानात या चारही गोळ्या आहेत का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिलेलं. गरीब देशांच्या खेड्यांत ३० पैकी एका ठिकाणी सापडल्या. भारताला मुद्दाम वेगळ्या रकान्यात ठेवावं लागलं, कारण इथे शहरांत ८९ टक्के आणि खेड्यांतही ८१ टक्के ठिकाणी त्या होत्या. आपल्या औषध उद्योगाने कमावलेला हा आकडा आहे. पण त्याच तक्त्यात पुढचा रकाना परवडण्याचा होता. चारही गोळ्या रोज घेणं ज्यांच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं अशी कुटुंबं गरीब देशांत ६० टक्के. आणि भारतात ५९.

ठाण्यातल्या एका मेडिकलमध्ये मी महिन्याच्या शेवटी एक संध्याकाळ उभा राहिलो. निकोरँडिलचं पाकीट अख्खं मागणारे आले तसे स्टॅटिनच्या पाकिटातल्या पाच द्या म्हणणारेही आले. दुकानदाराने कात्रीने पाकीट कापलं. तारीख छापलेला तुकडा गिऱ्हाइकाकडे गेला, तेव्हा उरलेल्या अर्ध्यावर त्याने बॉलपेनने नाव आणि मुदत लिहून ठेवली. मुदत लिहिली नाही तर उरलेलं कुणी घेत नाही, तो म्हणाला, आणि महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर अर्धीच पाकिटं जास्त खपतात.